लाट आणि घाट
कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सच्या राक्षसी लाटा हिवाळ्यातल्या. उत्तर पॅसिफिकमधली वादळं त्या धाडतात. त्यामुळे तिथल्या सर्फरला उन्हाळाभर माउंटन बाइकवर डोंगर चढायला सवड मिळते. तासन्‌तास चढ चढून हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. पण सायकलवर धाप लागली की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. लाटेखाली अडकून श्वास रोखावा लागला की तो आतच साचतो! जीव घाबराघुबरा होतो तो मुख्यतः त्यामुळेच, ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी. ही तगमग सोसायला सायकल शिकवत नाही. श्वास रोखण्याचा सराव वेगळा करावा लागतो. श्वास रोखलेला असताना चेहऱ्याला थंड पाणी लागलं की नाडी मंदावते, तेवढाच शरीराचा आधार. पण तो दरवेळी पुरतोच असं नाही: डिसेंबर १९९४ मध्ये हवाईचे कसलेले सर्फर मार्क फू मॅव्हरिक्सलाच बुडाले.