अमाइनचं संरक्षण: बगरूची माती आणि मोहालीचा द्रव



रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून मी फौजेत गेलो, तोफखान्यात उमेदीची वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर जयपूरला स्थायिक झालो. कॉलेजातलं रसायनशास्त्र कॉलेजातच राहिलं असतं. पण माझी पुतणी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला लागली आणि सुट्टीत आली की तिचे कागद माझ्या टेबलावर पसरायला लागले. गेल्या हिवाळ्यात तिच्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचं शीर्षक वाचलं: ‘अमाइनच्या संरक्षणासाठी आयनिक द्रव, एक हरित उत्प्रेरक’. संरक्षण हा शब्द माझ्या ओळखीचा. ‘हरित’वरून मात्र आमचं दोन दिवस चांगलंच वाजलं. त्या वादाकडे येऊच, पण आधी विषय समजून घेऊ.

त्यासाठी मी तिला बगरूला घेऊन गेलो. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याला साधारण तीस किलोमीटरवर हे छिप्यांचं गाव आहे. इथे ‘दाबू’ छपाई होते. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ कालवून चिखल करतात. लाकडी ठशाने तो कापडावर उमटवतात आणि ओला असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरतात. मग कापड निळीच्या हौदात बुडवतात. चिखलाखालचा भाग सोडून बाकी सगळं निळं होतं. शेवटी कापड धुतलं की चिखल निघून जातो आणि खालची नक्षी जशीच्या तशी राहते.

चिखलाला तीन अटी आहेत. तो हवा तिथेच बसला पाहिजे, रंगाच्या हौदात टिकला पाहिजे आणि काम झाल्यावर कापडाला धक्का न लावता निघाला पाहिजे. रसायनशास्त्रातल्या ‘संरक्षक गटा’लाही नेमक्या याच तीन अटी असतात.

आता अमाइनकडे वळू. अमाइन म्हणजे अमोनियाचं भावंड. त्यातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते आणि तिच्यामुळे तो फार उतावळा असतो. एखाद्या औषधाचा रेणू टप्प्याटप्प्याने बांधताना तुम्हाला दुसऱ्या टोकाला काम करायचं असतं आणि हा नायट्रोजन मध्येच हात घालतो. म्हणून त्याला काही काळ झाकावं लागतं. १९३२ मध्ये माक्स बर्गमान आणि लेओनिडास झेर्वास यांनी त्यासाठी एक सहज काढता येणारं झाकण शोधलं आणि प्रथिनांचे छोटे तुकडे प्रयोगशाळेत बांधण्याची वाट मोकळी झाली. १९५७ मध्ये ‘बॉक’ नावाचं झाकण आलं. आज ते जगभर वापरलं जातं.

बॉक बसवायला बॉक अनहायड्राइड हे रसायन लागतं. ते तेवीस अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे बाहेर ठेवलं तर जयपूरच्या जानेवारीत बाटलीत खडा आणि मे महिन्यात पाणी! म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवतात. अमाइन त्याच्यावर हल्ला करतं, बॉक गट नायट्रोजनवर बसतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांनी निघून जातो. शेजारच्या कार्बोनिलने नायट्रोजनची मोकळी जोडी आपल्याकडे ओढून घेतलेली असते, त्यामुळे तो शांत होतो. पुढचं काम संपलं की तीव्र आम्ल घालायचं. बॉक गट वायुरूपाने उडून जातो आणि अमाइन आम्लाबरोबर क्षार होऊन परत मिळतं.

मग उत्प्रेरक कशाला? कारण सगळी अमाइन सारखी उतावळी नसतात. ॲनिलीनसारख्या अमाइनमध्ये ती मोकळी जोडी बेंझिनच्या कड्यात अर्धी गुंतलेली असते, त्यामुळे काम रेंगाळतं. डीएमएपी नावाचा जुना उत्प्रेरक वेग वाढवतो. पण तो विषारी आहे आणि त्याच्या नादाने आयसोसायनेट, युरिया असली नको असलेली संतती जन्माला येऊ शकते.

इथे आयनिक द्रव येतो. आपलं मीठ हाही क्षारच, पण ते वितळायला आठशे अंश लागतात. काही क्षारांचे आयन मोठे आणि बेढब असतात, त्यांची रचना नीट लागत नाही, म्हणून ते खोलीच्या तापमानालाही द्रव राहतात. पाउल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये असा एक क्षार नोंदवला होता, तो बारा अंशांना वितळतो. पुढच्या इतिहासात फौजी माणसाला रस वाटावा असं बरंच आहे. क्षेपणास्त्रांच्या औष्णिक बॅटरीत वितळलेले क्षार लागतात आणि त्यांना साडेतीनशे अंशांच्या वर तापवावं लागतं. कमी तापमानाला वितळणाऱ्या क्षारांचा शोध अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत १९६३ मध्ये सुरू झाला. तिथल्याच जॉन विल्क्स यांनी मायकेल झावोरोत्को यांच्याबरोबर १९९२ मध्ये हवेत आणि पाण्यात टिकणारे आयनिक द्रव जगापुढे आणले. बॅटरीसाठी काढलेली ही वाट शेवटी औषधांच्या प्रयोगशाळेत पोचली.

भारतात या विषयावर चांगलं काम झालं आहे. २००८ मध्ये हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने आम्लधर्मी आयनिक द्रव वापरून बॉक बसवून दाखवला. २०११ मध्ये मोहालीच्या ‘नायपर’ या औषधशिक्षण संस्थेतल्या असित चक्रवर्ती यांच्या गटाने हे कसं घडतं तेही तपासलं. त्यांच्या द्रवातला धन आयन इमिडाझोलियमचा. त्याच्या कड्यात दोन नायट्रोजनच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो. हा हायड्रोजन बॉक अनहायड्राइडच्या ऑक्सिजनांना हलकेच धरतो, त्यामुळे तिथला कार्बन अमाइनच्या हल्ल्याला अधिक सहज बळी पडतो. पुरावा दोन बाजूंनी मिळाला. एनएमआर यंत्रावर त्या हायड्रोजनची खूण ८.३९ वरून ८.६६ वर सरकली, म्हणजे त्याने खरोखर कुणाला तरी धरलं होतं. दुसरं म्हणजे तो हायड्रोजन काढून तिथे मिथाइल गट बसवल्यावर उत्प्रेरकाची ताकद एकदम घटली. गड्याचा हात बांधून ठेवल्यावर काम थांबलं, तर काम तोच हात करत होता हे सिद्ध होतं. शिवाय दोन प्रकारची अमाइन समोर असताना त्यातलं एकच निवडून झाकता येतं, हा त्यांचा मोठा फायदा.

आता आमच्या भांडणाकडे. पुतणी म्हणाली, “काका, हा द्रव उडत नाही, नाकात जात नाही, पुन्हा वापरता येतो. मग हरितच ना?”

मी विचारलं, “शेवटी तो जातो कुठे?”

हा प्रश्न मला जयपूरने शिकवला. सांगानेरच्या छपाईचं रंगीत पाणी द्रव्यवती नदीत उतरताना मी पाहिलं आहे. ते रंगही उडत नाहीत आणि नाकात जात नाहीत. वाफ होत नाही म्हणजे हवा वाचली, पाणी वाचलं असं नव्हे. काही आयनिक द्रव पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. ज्यांत फ्लोरिनयुक्त बोरॉन किंवा फॉस्फरस असतो, ते पाण्याशी संबंध आल्यावर हळूहळू हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडू शकतात. मोहालीत उत्तम ठरलेल्या द्रवाच्या ऋण आयनात कार्बन-फ्लोरिनचे बंध आहेत, ते निसर्गात सहजी तुटत नाहीत. आणि असा द्रव पुन्हा वापरण्याआधी त्यातून माल वेगळा काढायला बहुधा दुसरं द्रावक ओतावंच लागतं.

तिने मग मला एक गोष्ट दाखवली आणि तिथे वादाचा निकाल लागला. मोहालीच्या त्याच गटाने २००६ मध्ये, म्हणजे पाच वर्षं आधी, अमाइनवर बॉक नुसत्या पाण्यात, एकही उत्प्रेरक न घालता बसवून दाखवला होता! म्हणजे जिथे पाण्याने भागतं तिथे आयनिक द्रवाची गरजच नाही. अमाइन आळशी असेल किंवा दोनांतलं एक निवडायचं असेल, तिथे त्याला बोलवावं.

याच्याही पुढची पायरी आहे. मला मधुमेह आहे, रोज सिटाग्लिप्टिनची गोळी घेतो. तिच्या रेणूतही एक अमाइन आहे. मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी असा मार्ग शोधला, की त्यात नायट्रोजन झाकावाच लागत नाही. दर किलो औषधामागे २२० किलो कचरा कमी झाला आणि २००६ मध्ये त्यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. झाकण घालणं आणि काढणं या दोन जास्तीच्या पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीला माल लागतो आणि कचरा निघतो. ताफ्याबरोबर संरक्षक तुकडी द्यावी लागते, पण तिलाही शिधा लागतोच. रस्ता सुरक्षित निवडला तर तुकडी लागत नाही.

पुतणीने शीर्षकातला ‘हरित’ शब्द काढला. त्याऐवजी प्रकरणाच्या शेवटी एक तक्ता जोडला: किती ग्रॅम काय आत गेलं, किती बाहेर आलं, द्रव किती वेळा वापरला आणि शेवटी कुठे ठेवला. मला विचाराल, तर त्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी पान तेच आहे.

तुमच्या घरात कुणी रसायनशास्त्र शिकत असेल, तर त्यालाही हा एक प्रश्न जरूर विचारा: शेवटी ते जातं कुठे?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.