लिव्हरमध्ये गाठ आली म्हणजे काय?

मैत्रिणींनो, सोनोग्राफीच्या कागदावर 'लिव्हरमध्ये गाठ' असं दिसलं की आपल्या घरांत रडारड सुरू होते. पण प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीला बहुधा औषधही लागत नाही. जास्त धोका असतो तो जुना हेपेटायटिस बी किंवा सी असलेल्यांना आणि दारूने लिव्हर आकसलेल्यांना. त्यांनी काही दुखत नसलं तरी डॉक्टरांना विचारून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशनने काढता येते, कधी सुई घालून जाळताही येते. आपण मात्र काविळीला माळ घालून, झाडपाला देऊन महिना घालवतो. आम्हीही घालवलाय. बांबोळीला किंवा परळच्या टाटाला जाताना जुने रिपोर्ट, रेशनकार्ड न्या. महात्मा फुले योजना तिथे लागू आहे का, ते आधी विचारा. आणि घरात बाळंतीण असेल तर बाळाला २४ तासांच्या आत हेपेटायटिस बीची लस टोचून घ्या.