वृद्धनिवास : कुटुंबांचे अनुभव आणि पाहावयाच्या काही गोष्टी

‘आईला तिथे ठेवले’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतून आजही दबक्या आवाजात उच्चारले जाते. ज्या घरात एकेकाळी बारा-पंधरा माणसे एका चुलीवर जेवत होती तेथे आज दोघेच उरले आहेत. थोरला मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, आणि धाकटा पहाटेच्या विरार लोकलने निघून रात्री नऊला परतणारा. अशा घरातील ऐंशी वर्षांच्या मातेने दिवसभर कोणाच्या आधाराने राहावे, हा प्रश्न नुसत्या हळहळीने सुटत नाही. ज्यांचे आप्त वृद्धनिवासात राहतात अशा काही कुटुंबांशी गेल्या काही वर्षांत आमचे बोलणे झाले. त्यांच्या अनुभवांतून जे उमगले ते येथे मांडत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. ‘वृद्धाश्रम’ या एकाच शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. निराधारांसाठी चालविलेला सेवाभावी आश्रम ही एक. फ्रान्समधील सेंट सर्व्हां गावी १८३९ साली जान ज्युगां या सामान्य स्त्रीने एका अंध, लकवा झालेल्या वृद्धेला घरी आणून आपली खाट दिली. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. या भगिनी १८८२ साली कोलकात्यास आल्या; मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धसेवाकार्य आहे. जान ज्युगां यांना २००९ साली संतपद बहाल करण्यात आले. दुसरी गोष्ट म्हणजे पुण्यासारख्या शहरांत उभ्या राहिलेल्या ज्येष्ठांच्या वसाहती. तेथे सदनिका विकत वा अनामत रकमेवर घेतली जाते, भोजनगृह सामाईक असते आणि दरमहा शुल्क भरावे लागते. तिसरी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी अहोरात्र परिचारिका असलेले शुश्रूषागृह. कुटुंबांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ येथेच असते : आईला तिसऱ्याची गरज असते आणि घेतलेले असते दुसरे. ज्येष्ठ स्वतः चालतो-फिरतो आहे असे गृहीत धरून वसाहत चालते. तो पडला, विसरू लागला, की वेगळी बाई ठेवावी लागते आणि तिचा खर्च शुल्काबाहेरचा असतो.

पहिले तीन महिने कठीण जातात, याविषयी सर्व कुटुंबांचे एकमत दिसले. ज्येष्ठ अबोल होतात, फोनवर ‘मला घरी ने’ एवढेच म्हणतात. मुले अपराधी भावनेने वारंवार भेटावयास जातात किंवा त्याच भावनेने जाण्याचेच टाळतात. यातील दुसरा मार्ग अधिक घातक ठरला. मात्र सुरुवातीचा काळ सरल्यावर पुष्कळांचे चित्र पालटते. घरी दिवसभर दूरदर्शनसमोर बसणारे एक आजोबा तेथे पत्त्यांच्या डावाचे पुढारी झाले. वेळेवर औषध आणि बोलावयास समवयस्क माणूस मिळाल्याने आईची झोप सुधारली, असे एका कन्येने सांगितले.

परंतु सर्वांचेच असे होत नाही. आहाराचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो, पण वसईच्या माणसाला विचारा! अनेक वसाहतींचे स्वयंपाकघर पूर्णपणे शाकाहारी असते. जन्मभर मासळी खाल्लेल्या आजीला सुक्या बोंबलाचा वासही दुर्मीळ होतो, आणि तिचे जेवण घटले की आपण त्याला वार्धक्य म्हणतो. भाषेचेही तसेच आहे. स्मृती क्षीण होऊ लागली की नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात आणि घरची बोली उरते. सामवेदीत पाणी मागणाऱ्या वृद्धेचे बोलणे परप्रांतीय सेविकेला कळत नाही. निवास निवडताना फरशीचा चकचकीतपणा पाहण्याऐवजी एक वेळ तेथे जेवून यावे आणि सेविकांशी बोलून पाहावे, असे आम्ही सुचवू. (चकचकीत फरशी वृद्धांसाठी मुळात धोक्याचीच.) ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे, न घसरणारी जमीन, आधाराचे कठडे, उद्वाहन यांचा त्यांत विचार आहे. नवीन प्रकल्प पाहताना ती हाताशी ठेवावीत.

करारपत्र मात्र घरातील जाणत्याने सावकाश वाचावे. शुल्क दरवर्षी किती वाढणार, रुग्णालयात ठेवावे लागल्यास त्या महिन्याचे पैसे द्यावे लागतात काय, दांपत्यापैकी एकाचे निधन झाल्यास खोली बदलावी लागते काय, अनामत कोणाला व किती दिवसांत परत मिळणार, हे लेखी असावे. आमच्या परिचयातील तीन भावंडांत खर्चाच्या वाटणीवरून अबोला आला. कारण आईला पाठविताना सर्वांनी मान डोलावली होती, आकडा कोणीच उच्चारला नव्हता.

याहून गंभीर बाब जमिनीची आहे. आपल्या भागात वाडीला सोन्याचे मोल आले, आणि ‘आम्ही तुम्हांला सांभाळू’ या शब्दावर बक्षीसपत्रे लिहून दिली गेली. काही आईवडिलांची वृद्धनिवासाची वाट त्या कागदापासूनच सुरू झाली. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्याचे कलम २३ येथे उपयोगी पडते. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन देखभाल नाकारल्यास ते हस्तांतर न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. मात्र अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात या मुद्द्यावर बोट ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून तिची मालमत्ता तिला परत देवविली. परंतु तेथेही मुलाने सांभाळण्याविषयी लिहून दिलेला कागद होता. तेव्हा बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर देखभालीची अट त्यातच स्पष्ट शब्दांत घालावी. तोंडी वचन पुरेसे मानू नये. निर्वाहखर्चासाठीही याच न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मार्काच्या शुभवर्तमानात, धन देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांची प्रभू येशूने केलेली कानउघाडणी या संदर्भात आठवते. बक्षीसपत्राचे नाव वेगळे, पळवाट तीच.

आणखी एक गोष्ट कुटुंबे सहसा विसरतात. आजी घरी होती तोवर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन धर्मगुरू येत. निवासात गेल्यावर तिचे नाव जुन्या धर्मग्रामाच्या यादीतून निघते आणि नव्या यादीत चढत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजीआजोबांसाठी जुलैचा चौथा रविवार नेमून दिला. त्या दिवशी मंदिरात येऊ न शकणारे वृद्ध कोठे आहेत हे पुष्कळदा धर्मगुरूंनाच ठाऊक नसते. एका वृद्ध गृहस्थांना आठ महिने ख्रिस्तप्रसाद मिळाला नव्हता आणि चर्च तेथून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. निवास ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येतो तेथील प्रमुख धर्मगुरूंना खोलीचा क्रमांक, भेटीच्या वेळा आणि रुग्णाभ्यंगासाठी बोलवावयाचे झाल्यास कोणी बोलवावे हे प्रवेशाच्या आठवड्यातच लेखी कळवावे, आणि तीच चिठ्ठी निवासाच्या कार्यालयातही ठेवावी.