सन्मान निधीचे बारा हजार आणि सातबाऱ्यावरचे नाव

वणीच्या कोळसा पट्ट्यातील राजूर ओळखले जाते ते खाणीमुळे. तिथल्या शेतीची दखल क्वचितच घेतली जाते. पण सरकार शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट पैसे जमा करते, ते नेमके कोणाला मिळतात, हे समजून घ्यायचे तर अशाच गावाकडे पाहावे.

केंद्राची 'पंतप्रधान किसान सन्मान निधी' योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत वर्षाला सहा हजार रुपये. आरंभीची दोन हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच काढण्यात आली. २०२३ मध्ये राज्याने 'नमो शेतकरी महासन्मान निधी'द्वारे तेवढीच भर घातली. केंद्राचा १६वा हप्ता तर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळ येथूनच वितरित केला. दोन्ही मिळून १२ हजार, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये. शेत एक एकर असो वा दहा एकर, रक्कम तीच. दहा क्विंटल कापूस विकणाऱ्याला भाव क्विंटलमागे १,२०० रुपयांनी पडला, की वर्षभराची ही मदत तिथेच संपते.

खरी मेख आहे ती पात्रतेत. योजना 'शेतकरी' ओळखते ती सातबाऱ्यावरून. आणि तेथे १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नाव लागलेले असावे लागते. त्यानंतर केवळ वारसाहक्काने आलेली जमीन चालते. पतीच्या निधनानंतर वारसनोंदीचा फेरफार रखडला, तर प्रत्यक्ष शेत कसणारी विधवा तोवर कागदोपत्री शेतकरी ठरत नाही.

कोळसा पट्ट्यात आणखी एक पेच आहे. सार्वजनिक उपक्रमातील कर्मचारी, चतुर्थ श्रेणी वगळता, अपात्र आहेत. म्हणजे 'वेकोलि'त वरच्या श्रेणीत असलेल्याचे कुटुंब बाद. मात्र योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. त्यामुळे त्याच घरातील सज्ञान मुलाच्या नावे मुदतीपूर्वी जमीन झाली असेल, तर तो पात्र ठरू शकतो. ज्याची सारी जमीन खाणीत गेली, त्याचा सातबाराच उरला नाही. तो दुसऱ्याचे शेत मक्त्याने करू लागला तरी हप्ता जातो मूळ मालकाच्या खात्यात. लेखी करार करावा म्हटले तर कुळकायद्याच्या धास्तीने मालक तयार होत नाहीत.

वणीपासून फार दूर नसलेल्या तेलंगणात हिशेब निराळा आहे. तेथे २०१८ मध्ये 'रयतु बंधू' योजना आली ती एकरी मदतीची. जानेवारी २०२५ पासून तिच्या जागी आलेल्या 'रयतु भरोसा'त एकरी वर्षाला १२ हजार ठरले. आपल्याकडे कुटुंबाला, तिकडे एकराला! अर्थात एकरी पद्धतीत मोठ्या जमीनदाराचेच अधिक फावते, हेही खरे. आणि निव्वळ मक्तेदाराच्या हाती 'रयतु बंधू'तूनही काही पडत नव्हते. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने मात्र भूमिहीन शेतमजूर व वाटेकऱ्यांनाही सामावून घेतले होते.

विदर्भाला मदतीची ही रीत तशी नवी. जुलै २००६ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये सिंचन, व्याजमाफी, निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे असे सारे होते. चाऱ्याची वानवा असलेल्या गावांत ती जनावरे पोसणे अनेकांना जड गेले. रोख रकमेला चारा लागत नाही. सातबारा मात्र लागतो.