जुन्या एअर रायफलीचा दस्ता : दुरुस्त करावा की बदलावा?

व्यापारी बांधवांच्या तोंडी 'स्टॉक' म्हणजे दुकानातला शिल्लक माल आणि 'रीस्टॉक' म्हणजे तो संपल्यावर पुन्हा भरणे. बंदुकीच्या धंद्यात मात्र स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता, ज्याला उर्दूत कुंदा म्हणतात. रीस्टॉक करणे म्हणजे जुना दस्ता उतरवून नवा चढविणे. इंग्लंड-जर्मनीत स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या एअर रायफली जमविण्याचा शौक असलेले बरेच लोक आहेत. त्यांच्या जोरावर दस्ते, चामड्याचे वॉशर, स्प्रिंगा अशा वस्तूंचे लहान लहान धंदे चालतात. आम्ही कापडवाले. पण या कामातले लाकूड, चामडे, तेल आणि रंग यांची ओळख आपल्या कारागिरांना आधीच आहे, म्हणून हा विषय मांडीत आहोत.

उरुसात किंवा जत्रेत फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक सर्वांनी पाहिली आहे. तिची नळी मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि तिच्या जोराने छर्रा बाहेर पडतो. दारू नाही, धूर नाही. मात्र धक्का असतो, आणि तो दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटताच बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळला की ती पुढे जाते. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का मुख्यतः मागेच बसतो. हा मागे-पुढे असा हिसका शेकडो वेळा बसला की दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, भोके रुंदावतात आणि तिथूनच लाकडाला चीर जाते. म्हणून जुनी एअर रायफल हातात आली की आधी स्क्रूच्या आजूबाजूचे लाकूड आणि दस्त्याची मान पाहावी. मान म्हणजे मुठीत धरायची बारीक जागा. दस्ता बहुधा तिथेच मोडतो.

या शौकात सर्वांत मान बी. एस. ए. च्या मालाला आहे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी १८६१ साली तिथल्या बंदूक कारागिरांनीच एकत्र येऊन काढली. त्याच शहरातले लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ साली एका एअर रायफलीचे पेटंट घेतले आणि १९०५ पासून बी. एस. ए. ने ती बनविली. या रायफलीची नळी मोडत नाही. खालचा दांडा ओढून स्प्रिंग चढवायची आणि वरच्या फिरत्या तोटीत छर्रा टाकायचा. नळी जागची हलत नसल्याने नेम पक्का राहतो. कंपनीची खूण एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची आहे. पुढे १९४८ साली एअरस्पोर्टर आली, तिचा दांडा लाकडाच्या पोटात लपतो. १९५९ साली मिटिऑर आली, ती साधी, नळी मोडायची आणि बीच लाकडाची. १९८६ साली स्पेनच्या गामो कंपनीने बी. एस. ए. चा बंदूक धंदा विकत घेतला. वेब्ली कंपनीची मार्क ३ ही १९४७ ते १९७५ पर्यंत निघाली, तिलाही चांगली मागणी असते. जर्मनीच्या रास्टाट गावची डायना १८९० सालच्या कारखान्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रे आणि नावही ब्रिटनमध्ये गेले आणि स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीने त्याच नावाने माल काढला. त्यामुळे दोन देशांच्या दोन डायना बाजारात आहेत. नुसते नाव वाचून भाव देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता मुद्द्याची गोष्ट. जमविणारा गिऱ्हाईक पैसे देतो ते मूळपणाचे. ओरखडे पडलेला, रंग काळवंडलेला पण कारखान्यातलाच दस्ता असेल तर तो रायफल आनंदाने घेतो. तिलाच नवा चकचकीत दस्ता लावला तर तो भाव पाडून मागतो. नेम धरून छर्रे मारणाऱ्या शौकिनाचे उलट असते, त्याला मजबूत आणि आपल्या खांद्याच्या मापाचा दस्ता हवा असतो. तेव्हा काम घेण्याआधी ते कोणासाठी चालले आहे हे विचारून घ्यावे. कारागिराचे सर्वांत मोठे नुकसान हातातल्या पॉलिश पेपरने होते. कारखान्यातून आलेल्या दस्त्याचे लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा किंचित वर असते. घासून घासून ते लोखंडाच्या खाली गेले, मुठीवरची चौकडीची नक्षी पुसट झाली की जाणकार लांबूनच ओळखतो. घासलेले लाकूड परत येत नाही.

खळगा पडला असेल तर तो घासू नये. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. हे इस्त्रीवाल्याला शिकवायला नको! चिरलेल्या मानेत वर्षानुवर्षांचे यंत्राचे तेल मुरलेले असते आणि तेलकट लाकडाला कोणताच गोंद धरत नाही. त्यासाठी खडूची बारीक भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यावा. तो सुकताना तेल ओढून घेतो, लागेल तितक्या वेळा द्यावा. कापडावरचा तेलाचा डाग आम्ही असाच पावडर टाकून काढतो. मग चिरेत ॲराल्डाइट भरून, आतून पितळी किंवा लाकडी खुंटी घालून, शिकंज्यात आवळून ठेवावे. असे जोडकाम चांगले उतरले तर दस्ता बदलण्याची गरजच उरत नाही. आमच्या मते दहापैकी बहुतेक दस्ते जोडण्याच्याच लायकीचे असतात, पण घाईने ते फेकले जातात.

लाकूड किडले असेल, तुकडे हरवले असतील किंवा कोणी मधेच करवत चालवून आखूड केले असेल तर मात्र नवा दस्ता. जुन्या चांगल्या रायफलींना अक्रोड आणि स्वस्त मॉडेलांना बीच अशी सर्वसाधारण रीत होती. मिटिऑरला अक्रोडाचा दस्ता लावला तर दिसेल सुंदर, पण ती मिटिऑर वाटणार नाही. आपल्याकडे काश्मीरचा अक्रोड याच जातीचा आहे. शिसम मजबूत पण जड. सागवानाच्या वाटेला जाऊ नये, त्याच्या अंगच्या तेलामुळे जोड नीट बसत नाही. फळी सुकलेली हवी. हवेवर सुकवायची तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा हिशेब धरतात. मानेतून लाकडाच्या रेषा सरळ लांबीने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच तुटणार. नक्षीदार, भोवऱ्याच्या रेषा हव्या तर त्या मागच्या रुंद भागात घ्याव्या.

लोखंड लाकडात बसविणे हे खरे हुनराचे काम. लोखंडाला दिव्याची काजळी लावून ते खाचेत टेकवायचे. जिथे काळा डाग उमटेल तेवढेच पटाशीने खरवडायचे आणि पुन्हा टेकवायचे. हे शंभरदा करावे लागते. सैल बसलेला दस्ता त्या दुहेरी हिसक्याने थोड्याच दिवसांत फुटतो. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात तळहाताने चोळून द्यायचे, एक सुकल्याशिवाय दुसरा नाही. विलायती कारागीर लाकडाला लालसर छटा आणायला तेलात अल्कानेट नावाचे मूळ भिजवतात. आपल्या रोगनजोशला रंग देणारे रतनजोत त्याच घराण्यातले! चपडा लाखेचे पॉलिश आपल्या लोकांच्या हातचा मळ, पण ज्या रायफलीला मुळात तेलाचा हात होता तिला ते देऊ नये.

बंदूक खोलताना स्प्रिंगला शिकंज्यात धरल्याशिवाय मागचे झाकण सोडू नये. ती दाबलेलीच बसविलेली असते आणि सुटली तर बोट किंवा डोळा जातो. जुन्या पिस्टनचे वॉशर चामड्याचे असते, ते कोरडे पडले की जोर जातो. थोडे तेल पाजले की पुष्कळदा तेच पुन्हा काम देते. तेल जादा झाले तर हवेच्या दाबाने आत भडका उडतो आणि स्प्रिंगची खराबी होते.

विकताना नवा दस्ता नवा म्हणूनच सांगावा आणि जुना फुटका दस्ता रायफलीबरोबर द्यावा. रफूगराने शाल कितीही बेमालूम रफू केली तरी दुकानदार गिऱ्हाइकाला रफूची जागा दाखवतो, तसेच हे. या शौकातले लोक एकमेकांना ओळखून असतात. एकदा नवे लाकूड मूळ म्हणून खपविले की त्या दुकानदाराच्या खऱ्या मालावरही शंका येते, आणि दस्ता बनविणाऱ्या कारागिराचे नाव विनाकारण खराब होते. कारागिराने आतल्या न दिसणाऱ्या बाजूला आपली खूण आणि साल कोरून ठेवले तर दोघांचीही सोय होते.

कायद्याचेही पाहावे. इंग्लंडमध्ये १२ फूट-पौंडांपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून दाखला लागतो. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त जोराची किंवा .१७७ पेक्षा मोठ्या नळीची असेल तर परवान्याचा प्रश्न येतो. इंग्रज अमदानीतली .२२ ची बी. एस. ए. एखाद्या जुन्या घरात निघाली तर ती भंगारात घालू नये आणि परस्पर विकूही नये, आधी पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारून घ्यावे.

काढलेला जुना दस्ता प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, पावसाळ्यात आत घाम धरून बुरशी येते. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवावा.