खोपोलीची वीज आणि डॉट कॉमवरील हक्क

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे, घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून पायथ्याशी आणून १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीचे नाव पुढे अनेक दशके विश्वासाची खूण होऊन राहिले. ही कंपनी २००० साली टाटा पॉवरमध्ये विलीन झाली. पण २००१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या दाव्यात निकाल दिला, तेव्हा त्रयस्थांनी परस्पर नोंदवलेल्या संकेतस्थळ-नावांच्या यादीत टाटापॉवरको डॉट कॉम आणि जेआरडीटाटा डॉट कॉम यांच्यासोबत टाटाहायड्रो डॉट कॉम हेही होते.

असे घडू शकते, कारण डोमेन नाव, म्हणजे संगणकाच्या अंकी पत्त्याऐवजी वापरले जाणारे अक्षरी नाव, प्रथम मागणाऱ्यास शुल्क घेऊन दिले जाते आणि नोंदणी करणारी संस्था मागणाऱ्याचा त्या नावाशी काय संबंध आहे हे तपासत नाही. ही प्रक्रिया मानवी छाननीविना, स्वयंचलितपणे चालते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली हिंदुस्तान युनिलिव्हरच्या प्रकरणात विस्ताराने नोंदवले आहे. नोंदणीमुळे ताबा मिळतो, पण मालकीचा प्रश्न त्याने मिटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच रेडिफच्या नावात एकच अक्षर बदलून घेतलेल्या ‘रॅडिफ डॉट कॉम’ला मनाई केली होती, आणि २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी ‘पासिंग ऑफ’चे तत्त्व, म्हणजे आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपविण्यास मज्जाव करणारे तत्त्व, त्यांना लागू होते असे ठरवले. न्यायालयाबाहेर लवादाचाही मार्ग आहे: डॉट कॉमसाठी १९९९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तक्रारदाराला नावातील फसवे साम्य, धारकाच्या हिताचा अभाव आणि नोंदणी व वापर या दोहोंतील दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो, तर डॉट इनच्या भारतीय नियमांत नोंदणी किंवा वापर यांपैकी एकातील दुष्ट हेतूही पुरतो. हा फरक शब्दापुरता दिसला, तरी तक्रारदाराचे ओझे त्याने बरेच हलके होते. नुकसानभरपाई मात्र डॉट कॉमच्या लवादाकडून मिळत नाही. नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे वर्ग होते, एवढेच.

‘टाटा’सारख्या दुर्मीळ आडनावाला मिळणारे संरक्षण सामान्य शब्दाला मिळतेच असे नाही. शादी डॉट कॉमच्या चालकांना २०१४ साली शादीहीशादी डॉट कॉमविरुद्ध मनाईहुकूम मिळाला, कारण तेथे ग्राहक वळवून घेण्याचा डाव उघड होता. परंतु २०१६ साली सेकंडशादी डॉट कॉमविरुद्ध तो मिळाला नाही, कारण ‘शादी’ हा शब्द वर्णनात्मक ठरला. खोपोलीजवळच्या कर्जत परिसरातील फार्महाऊस आणि रिसॉर्टचालकांना हा दुसरा निकालच अधिक लागू पडतो. केवळ स्थळ दर्शविणारे चिन्ह, ते वापराने विशिष्ट व्यवसायाची ओळख बनले नसल्यास, व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदवता येत नाही, आणि शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यातही एक कर्जत आहेच. त्यामुळे आपल्या डोमेनमध्ये ‘कर्जत’ घालणाऱ्या शेजाऱ्याला केवळ त्या कारणाने अडवणे कठीण आहे; मात्र त्याने दुसऱ्याच्या व्यवसायाचे संपूर्ण नाव उचलून त्यावर बुकिंग घेतले, तर जुन्या पावत्या, जाहिराती आणि त्यांवरील तारखा यांच्या आधारे दावा उभा राहू शकतो.