वीतभर अंतरावरचा अडकित्ता

गेल्या गणपतीत सहाव्या दिवशी संध्याकाळी आमच्या मंडपाच्या दारावरचा एक हँड डिटेक्टर तासभर वाजलाच नाही. रांग भराभर सरकत होती, सगळे खूश. मग एका काकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा दिसला. यंत्र त्यावरून फिरलं, तरी गप्प. त्याचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता. सेल उतरला होता, पण मेला नव्हता. मेला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

त्या वर्षी आम्ही अल्कलाइन सेल वापरले होते. विसर्जनानंतर रिकाम्या सेलांनी बिस्किटांचा डबा भरला. यंदा चार्ज होणारे घ्यायचे असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने काउंटरवर तीन चौकोनी सेल मांडले. तिन्हींवरही ‘9 व्होल्ट’ छापलेलं. ‘‘छापलेलं वाचू नका दादा, आत किती घरं आहेत ते विचारा,’’ तो म्हणाला. अल्कलाइनमध्ये दीड व्होल्टची सहा घरं असतात, म्हणून बरोबर 9. निकेल मेटल हायड्राइडचं एक घर 1.2 व्होल्टचं. सात घरं असतील तर 8.4 होतात, सहाच असतील तर 7.2. सहा घरांचा सेल घातला, तर तो भरलेला असतानाच यंत्राला अर्धपोटी वाटणार. तिसरा लिथियमचा. त्यातल्या दोन घरांचे मिळून 7.4 व्होल्ट होतात आणि आतलं छोटं सर्किट ते चढवून 9 करतं. कागदावर हाच सगळ्यांत दमदार.

तिन्ही घरी आणले. लाकडी टेबलावर पूजेच्या सामानातला अडकित्ता ठेवला आणि यंत्र किती उंचीवरून वाजतं ते दर तासाला पाहिलं. सुरुवातीला तिन्ही सेलांवर वीतभर अंतरावरून वाजलं. अल्कलाइन हळूहळू खचत गेला. अंतर तसतसं कमी होत चार बोटांवर आलं, पण यंत्र चालूच. गेल्या वर्षी हेच झालं होतं. निकेलवाल्याने बराच वेळ वीत सोडली नाही. शेवटी व्होल्ट झरझर उतरले आणि यंत्राचा लाल दिवा लागला. लिथियमवाला सगळ्यांत जास्त टिकला, पण त्याचं सर्किट अखेरपर्यंत 9 व्होल्टच देत राहिल्यामुळे लाल दिव्याला काही कळलंच नाही. चालता चालता यंत्र एकदम बंद. शिवाय त्यावर आमचं यंत्र मधूनच उगाच कुरकुरायचं. व्होल्ट चढवणाऱ्या सर्किटचा विजेचा गोंगाट त्याच्या कॉइलला ऐकू जात असावा.

म्हणून सात घरांचे निकेलवाले घेतले. साठा 200 एमएएच, म्हणजे लिथियमच्या निम्म्याहून कमी. पण आमची पाळी संध्याकाळी पाच ते रात्री बारा. तेवढ्याला तो पुरतो. साध्या चार्जरवर सेल भरायला चौदा तास लागतात, म्हणजे रात्री बाराला लावला की दुपारी दोनला तयार. तरी चार यंत्रांना आठ सेल घेतले; चार यंत्रात, चार चार्जरवर. साधे निकेलवाले पडून राहिले तरी आपोआप उतरतात, म्हणून कमी उतरणारे निवडले. वर्षभर कपाटात राहणार असल्याने उत्सवाआधी एकदा भरायचे हे मात्र ठरलेलं.

बाकीचं अनुभवाने कळलं. नव्या सेलांतला एक जरा जाडसर निघाला; यंत्राच्या खणात अडकला तो दोरा ओवूनच ओढावा लागला. एका पोराने सुटा सेल सुट्ट्या नाण्यांबरोबर खिशात टाकला. दोन्ही टोकं एकाच बाजूला, नाण्याने ती जोडली गेली आणि पोरगं खिसा झटकत नाचलं. तेव्हापासून सुट्या सेलाच्या तोंडाला चिकटपट्टी.

यंदा पहिल्या दिवशी आरतीआधी अडकित्ता सापडेना. सुपारी फोडणारे काका ओरडले, ‘‘अरे, कुठे गेला?’’ तो दारावर होता. चौघे कार्यकर्ते पाळीपाळीने त्यावरून वीतभर उंचीवर यंत्र फिरवत होते. चौथं वाजलं, तेव्हा अडकित्ता सुपारीकडे गेला आणि रांग सोडली.